सुकाणी, चिठ्ठी आणि गोदाम

माझे मामू मालवाहू बोटीवर सुकाणी होते. आमच्या खाडीकाठच्या गावात घरटी एक तरी माणूस बोटीवर असायचा. सारंग, तांडेल, सुकाणी, खलाशी अशी त्यांची उतरंड. मामू सारंग कधीच झाले नाहीत, पण त्याची त्यांना खंत नव्हती. "सारंग हुकूम देतो, बोट मी धरतो," असं ते म्हणायचे. सुकाणू हा आपला शब्द अरबी 'सुक्कान'वरून आलेला. बोटीच्या मागच्या अंगाला पाण्यात जे दिशा देणारं पातं असतं ते सुक्कान, आणि ते ज्याच्या हाती तो सुकाणी.

ग्रीक भाषेत त्याच माणसाला 'कुबरनेटिस' म्हणतात. इंग्रजीतला 'गव्हर्नर' आणि अलीकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला 'सायबर', दोन्ही त्याच मुळातून फुटलेले. हे मला माझ्या लेकीनं सांगितलं. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ईदला घरी आली असताना मी विचारलं, "तू दिवसभर नेमकं करतेस तरी काय?" ती म्हणाली, "अब्बा, मी कुबरनेटिसवर काम करते. तुमच्या मामूंचंच काम समजा."

मी बीए, तेही मराठी घेऊन. गणिताशी माझा संबंध दहावीला संपला. एरवी मी मान डोलावून शिरखुर्म्याकडे वळलो असतो. पण ती २०२२ सालची गोष्ट, आणि त्या वर्षी मी तिला दोन दिवस सोडलं नाही. कारण थोड्याच दिवसांपूर्वी याच सुकाण्याच्या बोटीवरून आमची एक वस्तू पाण्यात गेली होती. ती कशी गेली, हे मला समजून घ्यायचं होतं.

आमच्या भागातल्या मुसलमान बायका लग्नात गाणी म्हणतात. हळदीला वेगळी, मेंदीला वेगळी, नवरी निघताना वेगळी. भाषा आमची कोकणी मराठी, मधूनच एखादा उर्दू शब्द. ही गाणी कुठं लिहिलेली नाहीत. आम्ही चारपाच मित्रांनी गावोगाव हिंडून ती ध्वनिमुद्रित केली, ३१२ गाणी. गाण्याचे शब्द, अवघड शब्दांचे अर्थ, गाणारणीचं नाव, तिचं माहेर, सासर, गाणं कोणत्या प्रसंगाचं, हे सगळं टिपून घेतलं आणि २०१९ साली त्याचं एक संकेतस्थळ केलं. एका कंपनीतल्या मुलांनी सुट्टीच्या दिवशी बसून ते बांधलं आणि कंपनीनं आपल्या यंत्रणेतला एक कोपरा त्याला फुकट दिला. २०२२ मध्ये तो कोपरा झाडून साफ झाला. आमच्या हाती काय राहिलं, ते सांगतोच. आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहू, कारण चूक कुठं झाली हे त्याशिवाय कळणार नाही.

कंटेनर ही वस्तू मला परकी नाही. बीए झाल्यावर मी न्हावा शेवाला एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत कारकून होतो. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, त्यानंतर दोनतीन वर्षांतली ही गोष्ट. कंटेनरची युक्ती त्याहून जुनी. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनला 'आयडियल एक्स' नावाची बोट निघाली, तिच्यावर ५८ पेट्या होत्या. माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याची ती कल्पना. पेटीत चहा आहे की यंत्राचे सुटे भाग, हे क्रेनला कळायची गरज नाही. पेटीचा आकार ठरलेला, कोपऱ्यांतल्या खाचा ठरलेल्या, उचलायची नि ठेवायची. बाकी सगळं आत.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हेच केलं. एखादा प्रोग्रॅम चालायला त्याला जे जे लागतं ते सगळं त्याच्यासकट एका पेटीत बांधायचं, मग ती पेटी कुठल्याही संगणकावर ठेवली तरी चालते. २०१३ साली डॉकर नावाच्या साधनानं ही पद्धत घरोघरी नेली. पण पेट्या हजारांनी झाल्या की प्रश्न येतो, कोणती पेटी कोणत्या संगणकावर ठेवायची, एखादा संगणक बंद पडला तर त्यावरच्या पेट्या कुठं हलवायच्या? गूगलकडे यासाठी 'बोर्ग' नावाची घरची व्यवस्था होती. त्या अनुभवावरून त्यांच्या काही अभियंत्यांनी नवी व्यवस्था लिहिली आणि २०१४ साली ती सगळ्यांसाठी खुली केली. तिचं नाव कुबरनेटिस, चिन्ह बोटीचं सात आऱ्यांचं चाक. २०१५ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली आणि ती एका सामाईक संस्थेकडे सोपवली गेली. आज बँका, रेल्वेगाड्यांची तिकिटं, दुकानं अशा कामांसाठी जगभर पेट्यांच्या बोटी हा सुकाणी हाकतो. जे पाचपन्नास किंवा हजारभर संगणक त्याच्या ताब्यात असतात, त्या ताफ्याला क्लस्टर म्हणतात.

त्याची काम करायची रीत मात्र मजेशीर आहे. त्याला 'आधी हे कर, मग ते कर' असं सांगायचं नसतं. काय असायला हवं, ते लिहून ठेवायचं. 'या प्रोग्रॅमच्या तीन पेट्या चालू असाव्यात', एवढंच. तो सतत पाहत राहतो. दोनच दिसल्या तर तिसरी उभी करतो, चार दिसल्या तर एक काढून टाकतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो ना, तसा. पाणी का उतरलं, कुणी नळ उघडा टाकला, याच्याशी फ्लोटला देणंघेणं नाही. खूण उतरली की पाणी सोडायचं, वर आली की बंद. कुबरनेटिस म्हणजे अशा शेकडो फ्लोटांचा कारखाना आहे. त्यातल्या एकेका फ्लोटाला कंट्रोलर म्हणतात.

या रीतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पेटी मेली तरी चालते. तिच्या जागी तशीच दुसरी येते. मेलेल्या पेटीसाठी कुणी रडत नाही, तिला नावही नसतं, नुसता आकड्या-अक्षरांचा लांबट क्रमांक असतो. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मला जरा कसंसंच झालं. पण प्रोग्रॅमच्या बाबतीत ते खरंच आहे. प्रोग्रॅम म्हणजे कृती. स्वयंपाकाची कृती वहीत शाबूत असेल तर आजची भाजी करपली तरी उद्या पुन्हा करता येते.

माहितीचं तसं नाही. कुणी कुणाला किती पैसे दिले, कोणत्या रोग्याला कोणतं औषध लागत नाही, अमुक गाणं तमुक गावच्या तमुक बाईनं म्हटलं, ही माहिती एकदा गेली की पुन्हा उभी करता येत नाही. ती जिथं नीट मांडून ठेवतात तो डेटाबेस. डेटाबेसही पेटीत घालून क्लस्टरमध्ये चालवता येतो, तशी सोय कुबरनेटिसमध्ये आहे आणि ती वापरणारे आहेत. पण पुष्कळ लोक म्हणतात, जिथं पेट्या मरण्यासाठीच जन्माला येतात तिथं ही जोखीम नको. डेटाबेस बाहेर ठेवू, एखाद्या क्लाउड कंपनीच्या देखरेखीखाली. अॅमेझॉननं २००९ साली अशी सेवा सुरू केली, आरडीएस नावाची. डेटाबेस ते सांभाळतात, डागडुजी करतात, रोजची प्रत काढतात, तुम्ही भाडं भरायचं. त्यांचं मुंबईचं केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झालं. मायक्रोसॉफ्टनं त्याच्या आदल्या वर्षी पुण्याला केंद्र काढलं होतं.

बंदराच्या भाषेत सांगायचं तर पेट्या बोटीवर आणि माल किनाऱ्यावरच्या गोदामात. मला ही मांडणी एकदम पटली.

आता हे बाहेरचं गोदाम मिळवायचं कसं? पूर्वीची पद्धत म्हणजे अर्ज. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा एक विनंती टाकणार. ती मंजुरीला साहेबाकडे जाणार. मग डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाकडे, त्याच्या हातात आधीच वीस कामं. तो सवडीनं डेटाबेस उघडणार, पत्ता आणि पासवर्ड ईमेलनं कळवणार. त्या ईमेलमधून पासवर्ड उतरवून घेताना एक अक्षर चुकणार. चारआठ दिवस सहज. आमच्याकडे डिलिव्हरी ऑर्डर, आम्ही तिला डीओ म्हणायचो, ती मिळवायला मी किती वेळा शिपिंग लाइनच्या खिडकीसमोर उभा राहिलो असेन, त्याचा हिशेब नाही. माल समोर दिसतोय, कस्टमचा शिक्का झालाय, पण डीओ नाही म्हणून पेटी हलत नाही. आणि उशीर झाला की डॅमरेज लागतं. त्यामुळे हा त्रास मला पुस्तकातून समजावून घ्यावा लागला नाही.

हा अर्जाचा खटाटोप यंत्रावर सोपवायची खटपट दहाएक वर्षं चालली आहे. पहिली वाट मध्यस्थाची होती, सर्व्हिस ब्रोकर. क्लस्टरनं मध्यस्थाला सांगायचं, मध्यस्थानं डेटाबेस आणून द्यायचा. त्यासाठी कुबरनेटिसला 'सर्व्हिस कॅटलॉग' नावाची जोडणी केली होती. ती फारशी रुजली नाही, २०२२ मध्ये तिचं काम थांबवलं. टिकली ती दुसरी वाट. २०१६ मध्ये कोअरओएस नावाच्या कंपनीनं 'ऑपरेटर' ही कल्पना मांडली. एखाद्या जाणकार माणसाचं काम, म्हणजे डेटाबेस कसा उभा करायचा, कसा वाढवायचा, कसा दुरुस्त करायचा, हे सगळं एका कंट्रोलरला शिकवून ठेवायचं. पुढच्या वर्षी कुबरनेटिसनं आपल्या शब्दकोशात नवे शब्द घालायची सोय नीटपणे दिली. तोवर त्याला पेटी, पेट्यांचा संच, रस्ता असे ठरावीकच शब्द कळत. आता त्याला 'डेटाबेस' हा शब्दही शिकवता येऊ लागला. कवी म्हणून मला ही गोष्ट फार आवडली. भाषेत शब्द नव्हता तोवर वस्तू मागताच येत नव्हती.

याच पायावर २०१८ च्या अखेरीला 'क्रॉसप्लेन' आलं. अॅमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांनीही आपापल्या सेवांसाठी असे कंट्रोलर केले.

आता चिठ्ठी कशी जाते ते पाहा. मुलगा दहाबारा ओळींची एक चिठ्ठी लिहितो. मला एक डेटाबेस हवा, पोस्टग्रेस जातीचा, वीस जीबीचा, मुंबईतला, नाव 'गाणी'. ही चिठ्ठी क्लस्टरच्या दफ्तरात जमा होते. तिथं एक कंट्रोलर याच जातीच्या चिठ्ठ्यांवर डोळा ठेवून बसलेला असतो. तो क्लाउड कंपनीच्या दारात जाऊन विचारतो, या नावाचा डेटाबेस आहे का? नाही. मग उभा करा. उभा राहायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ तो अधूनमधून जाऊन डोकावतो, झाला का, झाला का. झाला की पत्ता, वापरणाऱ्याचं नाव आणि पासवर्ड घेऊन परत येतो आणि क्लस्टरमध्ये 'सीक्रेट' नावाच्या खणात ठेवतो. इकडे प्रोग्रॅमची पेटी त्या खणाची वाटच बघत असते. खण भरला की ती पासवर्ड उचलते आणि कामाला लागते. माणसानं पासवर्ड पाहिलासुद्धा नाही. आठ दिवसांचं काम पंधरावीस मिनिटांत.

सीक्रेट हे नाव जरा फसवं आहे, हे जाता जाता सांगतो. आत ठेवलेला मजकूर दुसऱ्या अक्षरांत फिरवून लिहिलेला असतो, पण ते कुलूप नव्हे, नुसती कडी. कुणीही जाणकार क्षणात उलगडतो. खरं कुलूप हवं असेल तर ते वेगळं लावावं लागतं, आणि ते लावायचं पुष्कळदा राहून जातं.

यातली बारीक कामं मला जास्त रंजक वाटली. समजा, डेटाबेस मागून झाला आणि उत्तर यायच्या आत कंट्रोलरच मेला. तोही पेटीतच राहतो, तोही मरतो. नवा कंट्रोलर जन्मला, त्याला काहीच आठवत नाही, त्यानं पुन्हा मागितला. आता दोन डेटाबेस आणि दुप्पट भाडं. म्हणून नाव आधीच ठरवून चिठ्ठीवर लिहितात आणि दर वेळी मागण्याआधी 'या नावाचा आहे का' असं विचारतात. आठवण डोक्यात ठेवायची नाही, चिठ्ठीवर ठेवायची.

दुसरं असं. रात्री दोन वाजता जागा संपत आली म्हणून कुणी थेट क्लाउड कंपनीच्या पडद्यावर जाऊन वीस जीबीचे पन्नास केले. चिठ्ठीवर अजून वीसच. फ्लोट आपलं काम करणार, तो म्हणणार, पन्नासचे वीस करा. आणि आरडीएसमध्ये जागा वाढवता येते, वाढवलेली जागा थेट कमी करता येत नाही. मग कंट्रोलर मागतो, क्लाउड नाही म्हणतं, तो पुन्हा मागतो. चिठ्ठी दुरुस्त करेपर्यंत हे भांडण अखंड चालू. लेक म्हणाली, "सासू-सुनेसारखं." तिचं लग्न व्हायचं आहे अजून.

चिठ्ठी म्हणजे पैसा, हेही विसरून चालत नाही. ज्याला चिठ्ठी लिहिता येते त्याला कंपनीच्या खात्यातून खर्च करता येतो. म्हणून शहाण्या ठिकाणी मुलाला फक्त 'लहान', 'मध्यम', 'मोठा' एवढंच लिहू देतात. लहान म्हणजे किती, कोणत्या शहरात, प्रत रोज काढायची की नाही, हे लेकीसारखी माणसं एका नमुन्यात आधी ठरवून ठेवतात. मुलाला तो नमुना बघायचीही गरज पडत नाही.

आमची वस्तू त्या नमुन्यातच गेली.

मिळवण्याचं सगळं सांगून झालं, आता सोडण्याचं. चिठ्ठी फाडली तर काय होतं? कुबरनेटिस ती ताबडतोब फाडत नाही. तिच्यावर 'रद्द' असा शेरा मारून ठेवतो आणि कंट्रोलरला वेळ देतो, की बाबा, या चिठ्ठीवर बाहेर काही उभं केलं असशील तर आधी ते आवर. कंट्रोलर जाऊन डेटाबेस पाडतो, परत येऊन सांगतो, मगच चिठ्ठी दफ्तरातून जाते. ही सोय चांगल्या हेतूची आहे. नाहीतर चिठ्ठ्या जातील आणि बेवारस डेटाबेस क्लाउडमध्ये महिनोन्महिने भाडं खात पडतील. तसे पडलेले असतातही. त्यामुळे क्रॉसप्लेनच्या पहिल्या पिढीत, तुम्ही काहीच सांगितलं नाही तर चिठ्ठीबरोबर वस्तू पाडायची, हाच रिवाज होता. वेगळं हवं तर 'राहू दे' असं स्पष्ट लिहावं लागे.

आमच्या गाण्यांचा डेटाबेस अशाच नमुन्यातून उभा राहिला होता. त्यावर 'राहू दे' लिहिलेलं नव्हतं. पाडताना एक शेवटची प्रत काढून ठेवायची सोय असते. ती 'नको' अशी ठेवलेली, कारण सुरुवातीला चाचणीच्या वेळी रोज डेटाबेस करायचे नि पाडायचे, तेव्हा त्या प्रतींचा ढीग साचायचा. चाचणीचा नमुना तसाच पुढे वापरात आला. रोजच्या प्रती निघत होत्या, पण त्या डेटाबेसच्याच मालकीच्या, मालक गेला की त्याही गेल्या. आणि पाडायला बंदी घालणारं एक वेगळं कुलूप क्लाउड कंपनीकडे असतं, ते कुणी लावलं नव्हतं.

२०२२ मध्ये त्या कंपनीनं खर्च कमी करायला घेतला. आम्हाला ईमेल आलं की तुमचं संकेतस्थळ या तारखेपासून बंद करतो आहोत, दुसरीकडे सोय करा. आम्ही आभार मानून उत्तर दिलं, दुसरी सोय बघतो म्हणून. आमच्या मनात, दुकानाची पाटी उतरवताहेत. त्या मुलांच्या मनातही तेच असावं. ठरल्या दिवशी एकानं क्लस्टरमधला आमचा कोपरा एका आज्ञेत काढून टाकला. कोपऱ्यात पेट्या होत्या, त्या गेल्या. कोपऱ्यातच ती चिठ्ठीही होती. तिच्यावर 'रद्द' शेरा पडला, कंट्रोलर इमानदारीनं मुंबईतल्या त्या केंद्राच्या दारात गेला आणि गोदाम पाडून आला. यंत्रात कुठं काही बिघडलं नव्हतं. सांगितलं तसंच झालं.

न्हावा शेवाला पेटी शिपिंग लाइनला परत करायची म्हणजे आधी डिस्टफिंग, माल उतरवून घ्यायचा, मग रिकामी पेटी एम्प्टी यार्डात. पेटी परत केली म्हणून गोदाम पाडलं, असं मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिलं नाही. पण तिथं पेटी आणि गोदाम यांची कागदपत्रं वेगळ्या कचेऱ्यांत असत. इथं दोन्ही एकाच खणात होती.

गाण्यांचे आवाज मात्र वाचले. ते डेटाबेसमध्ये नव्हते, ध्वनीच्या फायली वेगळ्या साठवणीत होत्या. आणि ती साठवण अगदी सुरुवातीला एका मुलानं हातानं उघडली होती, तिची चिठ्ठीच कधी लिहिली नव्हती. विसरलेली, कुणाच्या दफ्तरात नसलेली म्हणून राहिली. तिचं भाडं तीन वर्षं कोण भरत होतं, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. ३१२ फायली आम्हाला परत मिळाल्या. प्रत्येकीचं नाव म्हणजे छत्तीस खुणांची अक्षरं नि आकडे. कोणत्या फायलीत कोण गातंय, कुठलं गाव, कसलं गाणं, हे सांगणारी माहिती डेटाबेसमध्ये होती. आवाज आहेत, नावं गेली. आमच्या टिपणवह्या होत्या, पण वह्यांतून माहिती चढवून झाल्यावर त्यातल्या निम्म्या एका पावसाळ्यात भिजल्या होत्या. चढवलंय ना आता, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

हे ऐकून पुष्कळ जण म्हणतात, बघा, यंत्रावर विसंबलं की असं होतं. मी तसं म्हणणार नाही. माणसाच्या हातानंही हेच होतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका दमलेल्या अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि चालू डेटाबेसची फोल्डर पुसायला लागली. थांबवेपर्यंत सुमारे तीनशे जीबीतली साडेचारच उरली होती. प्रती ठेवायच्या पाच तऱ्हा त्यांनी योजलेल्या, वेळेला एकही धड निघाली नाही. सहा तासांपूर्वी एका अभियंत्यानं दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढली होती, तिनं वाचवलं. तरी मधल्या सहा तासांतली माहिती गेलीच. त्यांनी हे काही लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना ती लोकांना थेट पाहू दिली आणि नंतर सगळी हकीकत लिहून प्रसिद्ध केली. मला त्यांचं हे वागणं आवडलं. आमच्या बाबतीत त्या कंपनीकडून चार ओळींचं दिलगिरीचं पत्र आलं, आणि फुकटच्या कोपऱ्याबद्दल आणखी काय मागणार म्हणून आम्हीही गप्प बसलो.

लेकीला मी विचारलं, तुमच्याकडे असं होऊ शकतं का? ती लगेच 'नाही' म्हणाली नाही, विचार करत बसली. पुण्याला गेल्यावर आठवड्यानं तिचा फोन आला. तिनं त्यांचे नमुने तपासले होते. खऱ्या कामाच्या तीन नमुन्यांवर 'राहू दे' नव्हतं. आता तिथं ते आहे, क्लाउडकडचं कुलूपही लावलंय, आणि रोजची एक प्रत दुसऱ्याच खात्यात जाते, जिथं हा कंट्रोलर पोचूच शकत नाही. चाचणीचे नमुने वेगळे केले, ते खुशाल पडोत. आणि बेवारस डेटाबेस भाडं खात राहतील त्याचं काय? त्यासाठी दर महिन्याला एक यादी निघते आणि एक माणूस ती वाचतो. सध्या तो माणूस म्हणजे तीच आहे, आणि तिला ते काम कंटाळवाणं वाटतं, असं ती म्हणाली.

आम्ही इकडे फायली ऐकत बसलो आहोत. दर रविवारी एकेकाच्या पडवीत जमायचं, गावातल्या चार म्हाताऱ्या बायकांना बोलवायचं, चहा द्यायचा, फाईल लावायची. "ही तर वरच्या मोहल्ल्यातली," एखादी म्हणते. "नाही गे, तिचा आवाज जाड. ही तिची जाऊ." मग वाद. आतापर्यंत १९० आवाजांना नावं मिळाली. काही गाणाऱ्या हयात नाहीत, त्यांना त्यांच्या सुनांनी ओळखलं. एका फायलीत गाणं संपल्यावर मागून कुणीतरी, "भात लागला बघ," असं ओरडतं. त्या ओरडण्यावरून मला ती माझी खाला असल्याचं कळलं. गाण्यावरून कळलं नसतं, खाला कधी गायची नाही असंच मी समजत होतो.

नवा डेटाबेस आता लेकीनं मांडून दिलाय, स्वतःच्या वेळात. त्याचं भाडं आम्ही पाच जण वाटून भरतो. मांडून झाल्यावर मी तिला म्हटलं, ती चिठ्ठी मला दाखव. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. वीसेक ओळी होत्या, सगळ्या इंग्रजीत, मला काही कळलं नाही. "राहू दे कुठाय?" मी विचारलं. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. मग तीच म्हणाली, "अब्बा, दर महिन्याला एक प्रत तुमच्याकडेही पाठवते. तुम्ही ती छापून ठेवा." पहिली प्रत आली आहे. ४१ पानं झाली. पावसाच्या आधी वरच्या फळीवर ठेवायची आहेत.